टीबीची बातमी दहा मिनिटांत, रिपोर्ट मात्र ट्रॅक्टर गेल्यावर: क्षयरोग विभाग आणि आयसीएमआरला खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

केंद्रीय क्षयरोग विभागातले अधिकारी, आयसीएमआरचे शास्त्रज्ञ आणि आपल्या महाराष्ट्राच्या आरोग्य खात्यातले साहेब-मॅडम, सगळ्यांना एकत्रच लिहितोय, कारण वेगवेगळं लिहिलं की प्रत्येक जण पलीकडच्या टेबलकडे बोट दाखवतो हे आता पाठ झालंय.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात लॅब टेक्निशियन आहे. गावाचं नाव देत नाही, दिलं तर उद्या आमच्याच डॉक्टरांना खुलासा लिहावा लागेल. थुंकी तपासणं हे माझं काम, आणि हे पत्र त्या नॅनोटेक्नॉलॉजीच्या बातम्यांबद्दल आहे ज्या दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर येतात, "आता एका थेंबात टीबी कळणार", "दहा मिनिटांत निदान", खाली टाळ्या वाजवणारे हात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत त्याच मायक्रोस्कोपसमोर. विज्ञान खोटं आहे असं मला म्हणायचं नाहीये, उलट ते खरंय म्हणूनच राग येतो. ते तुमच्या पेपरमधून आमच्या टेबलवर का येत नाही एवढंच विचारायचंय.

आधी आमचं टेबल कसं असतं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते पाहून जमाना झाला असेल. पेशंट डबी आणतो. त्यात बऱ्याचदा नुसती लाळ असते, मग त्याला परत सांगायचं की दादा आतून खाकरून काढा, बेडका पाहिजे. मग त्यातला पिवळसर घट्ट भाग काडीनं उचलायचा, काचेवर पसरायचा (यालाच आम्ही स्मिअर म्हणतो), वाळवायचा, ज्योतीवरून फिरवायचा, वर कार्बोल फुक्सिन ओतून खालून वाफ येईपर्यंत तापवायचं पण उकळू द्यायचं नाही, ॲसिडनं रंग उतरवायचा, मिथिलिन ब्ल्यू टाकायचा आणि तेलाचा थेंब टाकून शंभर फील्ड बघत बसायचं. निळ्यात गुलाबी बारीक काड्या दिसल्या की पॉझिटिव्ह. रॉबर्ट कॉखनं टीबीचा जंतू जगाला दाखवला तो २४ मार्च १८८२ ला, आणि झील-नील्सनची ही रंगवायची पद्धत बसली ती त्याच्याच आसपास. जिथं एलईडीचा फ्लोरोसंट मायक्रोस्कोप मिळालाय तिथं काम जरा लवकर उरकतं, पण गोष्ट तीच, एका मिलीलिटर थुंकीत पाच ते दहा हजार जंतू असतील तर कुठं ते डोळ्याला सापडतात. त्याच्यापेक्षा कमी असतील तर मी "निगेटिव्ह" लिहितो, तो माणूस खुश होऊन घरी जातो आणि खोकत राहतो.

मान्य आहे, सीबीनॅट आलं, म्हणजे जंतूच्या डीएनएवरून टीबी ओळखणारं मशीन. डब्ल्यूएचओनं २०१० च्या डिसेंबरात त्याला मान्यता दिली, दोन तासांच्या आत निकाल, टीबीचं मुख्य औषध रिफाम्पिसिन चालणार की नाही तेही सांगतं, आणि मिलीलिटरला शे-सव्वाशे जंतू असले तरी पकडतं, त्याचं नवीन अल्ट्रा कार्ट्रिज (कार्ट्रिज म्हणजे दर नमुन्याला मशीनमध्ये घालायची डबी) तर त्याहून कमीत पकडतं. मशीन भारीच आहे, वाद नाही. पण त्याला सलग लाइट पाहिजे, तीस डिग्रीच्या आतली खोली पाहिजे, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसला जातो. म्हणून ते मशीन जिल्ह्याला, आणि नमुना डबीत, डबी बॉक्समध्ये, बॉक्स गाडीत. गाडी रोज नसते. कधी गाडी असते तर कार्ट्रिज संपलेलं असतं. तिकडे मशीनमध्ये दोन तास लागतात हे शंभर टक्के खरंय, पण पेशंटच्या हातात कागद यायला किती दिवस गेले हे त्या दोन तासांत कुठंच मोजलेलं नसतं.

आणि आमच्याकडे दिवसांचा अर्थ वेगळा आहे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, सांगली-कोल्हापूरला, कर्नाटकात, कुठं कुठं. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती लग्नात नाहीतर दवाखान्यात संपलेली, त्यामुळे ट्रॅक्टर ज्या दिवशी निघतो त्या दिवशी चढावंच लागतं. एक जण आला होता, पस्तिशीचा असेल, महिनाभर खोकला, संध्याकाळी ताप, पँटला दोरी बांधलेली इतका वाळलेला. आधी खाजगीत दाखवलं होतं, तिथं खोकल्याचं औषध आणि अँटिबायोटिक. माझ्याकडे स्मिअर निगेटिव्ह आला, एक्सरेत डाग होता म्हणून नमुना जिल्ह्याला पाठवला. रिपोर्ट आला तेव्हा टोळी निघून गेली होती. त्यानं दिलेला नंबर मुकादमाचा होता, मुकादम म्हणाला निरोप देतो. निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबी नोंदणीच्या पोर्टलवर, पेशंट ट्रान्सफर करता येतो हो, आमच्या एसटीएसनी (उपचारांवर देखरेख ठेवणारे पर्यवेक्षक) केलाही, पण माणूस फडात आणि फड दर आठ-पंधरा दिवसांनी बदलणार. रात्री कोपीत पाच-सहा जण दाटीवाटीनं झोपतात, त्यात लेकरं. औषध सुरू न झालेला पॉझिटिव्ह पेशंट वर्षभरात दहा-पंधरा जणांना लागण करू शकतो हे तुम्हीच ट्रेनिंगमध्ये शिकवलंय ना आम्हाला?

२०२३ मध्ये जगात अंदाजे १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला आणि साडेबारा लाख गेले, त्यात रुग्णांपैकी २६ टक्के एकट्या आपल्या देशातले, हे डब्ल्यूएचओचे आकडे तुम्हाला तोंडपाठ असतील. २०२५ पर्यंत देशातून टीबी संपवणार असं २०१८ मध्ये दिल्लीत जाहीर झालं होतं. २०२५ आलं आणि गेलं. टीबीच्या पेशंटला महिन्याला मिळणारे पोषणाचे पैसे पाचशेचे हजार केले ते फार चांगलं केलंत, मनापासून सांगतो. पण ज्याचं निदानच झालं नाही त्याच्या खात्यात काय जमा करणार?

आता नॅनोचं. मी काही शास्त्रज्ञ नाही पण जमेल तेवढं वाचतो. टीबीचा जंतू दोन ते चार मायक्रॉन लांब, आणि हे सोन्याचे नॅनोकण वीस-चाळीस नॅनोमीटरचे (एका मायक्रॉनमध्ये हजार नॅनोमीटर), म्हणजे जंतूच्या लांबीपेक्षा जवळपास शंभर पट लहान. इतकं बारीक सोनं पिवळं दिसतच नाही, पाण्यात लालबुंद दिसतं, आणि तेच कण एकमेकांना चिकटून गठ्ठा झाले की रंग निळा-जांभळा होतो. त्या कणांवर टीबीच्या डीएनएला ओळखणारे तुकडे चिकटवले की रंग बदलला का नाही यावरून नुसत्या डोळ्यांनी कळू शकतं, मशीन नको. आणि हे काही परग्रहावरचं तंत्र नाही, मेडिकलमध्ये मिळणाऱ्या प्रेग्नन्सी किटमध्ये जी गुलाबी रेघ येते ती बहुतेक वेळा सोन्याच्या नॅनोकणांचीच असते, कोरोनाच्या बऱ्याच रॅपिड किटमध्येही तीच. म्हणजे गावागावातल्या बायकांनी नॅनोटेक्नॉलॉजी कधीच वापरलीये, फक्त टीबीसाठी नाही.

आणि हे सगळं बाहेरूनच आणावं लागतं असंही नाही. पुण्यात एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, मुरली शास्त्री यांच्या टीमनं बुरशीपासून, वनस्पतींपासून सोन्याचे नॅनोकण बनवले, २००४ मध्ये तर गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण बनवल्याचा त्यांचा पेपर नेचर मटेरियल्समध्ये आला. गवती चहा! आमच्या दवाखान्याच्या मागं नळाजवळ वाढलाय तोच. त्याच सुमारास चंदीगडच्या सीएसआयओ या वैज्ञानिक उपकरणांच्या सरकारी संस्थेत नॅनोवर चालणारं टीबीचं स्वस्त किट तयार होतंय अशा बातम्या होत्या. २००७ मध्ये सरकारनं नॅनो मिशन काढलं, १००० कोटींचं. मग माझा पहिला साधा सरळ प्रश्न: त्या चंदीगडच्या किटचं पुढं काय झालं? चाचणीत नापास झालं? महाग पडलं? कंपनी मिळाली नाही? का फाइल अडकली? नापास झालं असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण का नापास झालं ते छापा ना, म्हणजे पुढचा पोरगा तीच पीएचडी परत करणार नाही.

मला माहितीये तुम्ही काय म्हणाल. टीबी म्हणजे कोरोना नव्हे. बरोबर आहे. कोरोनाचा विषाणू नाकात ढिगानं सापडायचा, स्वॅब फिरवला की काम झालं. टीबीचा जंतू फुप्फुसात खोल, रक्तात-लघवीत त्याचे अंश अगदी कमी, आणि त्याची ती मेणचट भिंत फोडून डीएनए काढणं हेच निम्मं काम. लघवीतून लॅम शोधायची पट्टी आहेच, लॅम म्हणजे त्या भिंतीतलाच एक घटक, पंचवीस मिनिटांत निकाल, पण ती मुख्यतः एचआयव्ही असलेल्या, प्रतिकारशक्ती खचलेल्या लोकांसाठी उपयोगी. मग जपानच्या फुजी कंपनीनं काढलेल्या पट्टीत सोन्याच्या कणांवर चांदीचा थर चढवून रेघ कितीतरी पट ठळक केली, खूप आशा वाटली होती, आणि मोठ्या अभ्यासात निघालं काय, तर एका लॉटचा निकाल दुसऱ्या लॉटशी जुळत नाही. मला तर ही बातमी नॅनोच्या सगळ्या यशकथांपेक्षा जास्त कामाची वाटली. कण एका मापाचे आले नाहीत, मीठ जरा जास्त झालं, उन्हात बॉक्स पडून राहिला, की कण आपोआप गोळा होणार आणि पट्टी खोटं बोलणार. पेपर लिहिताना एक बॅच चांगली निघाली तरी भागतं. आम्हाला मात्र दर महिन्याला येणारा प्रत्येक बॉक्स सारखाच लागतो.

काही शोध तर वाचूनच कळतं की आमच्यासाठी नाहीत. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सिलिकॉनच्या छिद्राछिद्रांच्या नॅनो-चकत्या वापरून रक्तातले टीबीच्या प्रथिनाचे तुकडे पकडून दाखवले, लहान मुलांसाठी आणि एचआयव्हीवाल्यांसाठी फारच महत्त्वाचं काम. पण मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर, मोठ्या लॅबमधलंच महागडं मशीन. आमच्याकडे सेंट्रिफ्यूजचा बेल्ट बदलायला माणूस औरंगाबादहून, सॉरी संभाजीनगरहून, येतो.

माझा जीव अडकलाय तो वेगळ्याच एका प्रकारात. लोखंडाच्या ऑक्साइडचे चुंबकीय नॅनोकण, वर साखरेसारख्या रेणूंचा थर, ते थुंकीत टाकायचे, ते जंतूंना चिकटतात, मग नळीला बाहेरून चुंबक लावला की भुशात सांडलेल्या टाचण्या ओढाव्यात तसे जंतू कणांसकट एका बाजूला जमा होतात. वरचं पाणी ओतून द्यायचं आणि खाली राहिलेल्याचा स्मिअर करायचा. मिशिगनच्या एव्हान्जेलिन अलोसिल्हा यांच्या गटानं नेपाळमधल्या लोकांबरोबर हे करून पाहिलंय. म्हणजे मायक्रोस्कोप तोच, रंग तेच, टेक्निशियन तोच, फक्त मधे एक पायरी वाढते आणि जिथं शंभर फील्डमध्ये एक काडी दिसायची तिथं जास्त दिसायला लागतात. नवीन मशीन नाही, एएमसी म्हणजे वर्षाचा देखभालीचा करार नाही, एसी नाही. याचं कुणी उद्घाटन करणार नाही, फोटोत दाखवायला काहीच नाही, कदाचित म्हणूनच मागं पडत असेल. पण मला आज कुणी विचारलं की तुझ्या टेबलवर पहिलं काय देऊ, तर मी हे मागेन.

एक सावधगिरीचं बोलतो, कारण घाई करा म्हणताना ते विसरून चालणार नाही. रक्तातून टीबी सांगतो म्हणून विकली जाणारी अँटिबॉडी किट आठवतायत ना? शहरातल्या लॅबपासून तालुक्यापर्यंत सगळीकडे बोकाळली होती, ज्याला टीबी नाही त्याला आहे म्हणायची, ज्याला आहे त्याला नाही. डब्ल्यूएचओनं २०११ मध्ये सांगितलं वापरू नका, आपण २०१२ मध्ये बंदी घातली, ते केलंत ते उत्तम केलंत. पण तोपर्यंत किती लोकांनी उसने पैसे काढून ती टेस्ट केली असेल याचा हिशोब कुणी मांडणार नाही. आता "नॅनो" असं बॉक्सवर लिहिलं की तोच माल नव्या नावानं परत येऊ शकतो, येणारच. म्हणून मला लवकर पाहिजे पण तपासून पाहिजे, आणि तपासणी दिल्ली-चेन्नईच्या फ्रीजरमधल्या जपून ठेवलेल्या नमुन्यांवर नको.

का ते ऐका. आमच्याकडच्या थुंकीत तंबाखू असतो. गुटखा असतो. बायकांच्या थुंकीत मशेरी असते. कितीही सांगितलं चूळ भरून या तरी डबीतला रंग तपकिरी नाहीतर लालसर असतोच, काहींच्या बेडक्यात खरंच रक्त असतं. आता तुमची टेस्ट जर लाल ते निळा असा रंग बदलून निकाल देणार असेल तर गुटख्याच्या लालमध्ये तो कसा ओळखायचा हे कुठल्या पेपरमध्ये लिहिलंय? मी शोधतो तेव्हा "स्पाइक्ड सॅम्पल" सापडतात, म्हणजे स्वच्छ थुंकीत आपणच मोजून जंतू टाकलेले. असला नमुना माझ्या आख्ख्या नोकरीत एकाही पेशंटनं आणलेला नाही.

आणि लहान मुलं. चार वर्षांचं पोर बेडका काढू शकत नाही, ते गिळून टाकतं. मग त्याला रात्रभर उपाशी ठेवून पहाटे नाकातून पोटात नळी घालून ते पाणी ओढायचं, आई बाहेर रडतेय, पोर आत रडतंय, आणि एवढं करून त्यात जंतू इतके कमी की रिपोर्ट बऱ्याचदा निगेटिव्हच. मुलांसाठी रक्ताच्या किंवा लघवीच्या थेंबावरची चाचणी हा चैनीचा विषय नाही. मोठ्यांच्या चाचणीला मान्यता देताना "मुलांमध्ये नंतर बघू" हे वाक्य यापुढं तरी चालवून घेऊ नका.

आपल्याला जमतं हे सांगायला बाहेर जायची गरज नाही. ट्रूनॅट घ्या. बंगळुरूच्या बिगटेकनं विकसित केलं, गोव्याच्या मोलबायोनं बनवलं, बॅटरीवर चालतं, चाळीस डिग्रीपर्यंत तग धरतं, तासाभरात टीबी आहे का ते सांगतं आणि रिफाम्पिसिनसाठी वेगळी चिप आहे. ते काही नॅनो नाहीये, पण रस्ता तोच आहे. आयसीएमआरनं पडताळलं, सरकारनं विकत घेतलं, २०२० मध्ये डब्ल्यूएचओनं शिक्का मारला. त्या विकत घेण्यावरच सगळं अडतं. कॉलेजातल्या संशोधकाकडे कण बनवायची अक्कल आहे, पण दर महिन्याला दहा हजार सारखे बॉक्स बनवायचा कारखाना नाही, आणि कारखानदार म्हणतो सरकार घेणार का ते आधी सांगा. तुम्ही म्हणता आधी पास होऊन दाखवा. असं करत करत वर्षं जातात. डब्ल्यूएचओनं २०१४ मध्येच लिहून ठेवलंय की थुंकीशिवाय होणारी, छोट्या केंद्रात चालणारी चाचणी कशी असावी, किंमत सहा डॉलरच्या आत असावी. सीबीनॅटच्या कार्ट्रिजची किंमत २०१२ पासून ९.९८ डॉलरवर अडकलेली, ती ७.९७ वर यायला २०२३ उजाडलं, तेही जगभरातून ओरडा झाल्यावर. म्हणजे पेटंटवाल्याच्या मनावर सोडलं तर काय होतं ते आपण पाहिलंय. जे किट आपल्या पैशातून, आपल्या प्रयोगशाळेत बनेल त्याची किंमत आधीच करारात घाला.

अजून एक, कुणीतरी उत्साहात म्हणेल की नॅनो पट्टी आली की सीबीनॅट कमी करू. प्लीज नको. पट्टी फक्त टीबी आहे एवढं सांगेल, औषध चालणार का ते नाही. मुंबईत २०१२ मध्ये डॉ. झरीर उदवाडिया यांनी जवळपास कुठल्याच औषधाला न जुमानणाऱ्या टीबीचे पेशंट नोंदवले तेव्हा केवढी खळबळ झाली होती. पट्टी पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी माणूस हातात राहील, रेझिस्टन्सचा नमुना जिल्ह्याला जाईल, एवढंच तिचं काम. माझ्या त्या ऊसतोडवाल्याला तेवढंच पुरलं असतं, निदान ट्रॅक्टरवर चढताना त्याच्या पिशवीत गोळ्या असत्या आणि सांगलीच्या बाजूच्या एसटीएसचा नंबर असता.

आणि मोजायचंच असेल तर वेगळं मोजा. सेन्सिटिव्हिटी (आजारी असलेले किती पकडले) अमुक टक्के, स्पेसिफिसिटी (आजार नसलेल्यांना बरोबर नाही म्हटलं का) तमुक टक्के, ते लागतंच, पण सोबत पहिल्या भेटीची तारीख आणि पहिल्या गोळीची तारीख यातलं अंतर तालुकावार जाहीर करा. तारखा निक्षयमध्ये आम्हीच भरतो, रात्री नेट आलं की भरतो. त्यातून तुम्हाला दिसेल कुठं मशीन कमी आहे, कुठं गाडी कमी आहे आणि कुठं नुसता माणूसच नाही. आमच्याकडे टेक्निशियनची एक पोस्ट रिकामी आहे. त्यावर नॅनोमध्ये काही उपाय नसावा.

तर मागणी थोडक्यात अशी. तुमच्याकडे नॅनोवरच्या ज्या काही चाचण्या अर्धवट तयार असतील, चुंबकवाली असो की पट्टीवाली, त्यातली एक निवडा आणि यंदाचा गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी, पोळ्यापासून दिवाळीपर्यंत, ऊसतोड कामगारांच्या तालुक्यांमध्ये वापरून बघा. मुकादम लोक याद्या करतातच, आशाताईंना प्रत्येक घर माहितीये, नमुने तसेही जिल्ह्याला सीबीनॅटला जातात म्हणजे तुलना करायला आयती सोय आहे. किट बाहेरच्या खोलीत ठेवा, एसीत नको. आमच्या हातानं करून घ्या, तुमच्या पीएचडीच्या मुलांच्या नको, ते बघायला येऊ देत, चहा आमच्याकडून. आणि निकाल वाईट आला तरी मराठीत एक पान लिहून आम्हाला पाठवा, भिंतीवर लावतो.

उत्तराची वाट बघतोय. पत्रानं नाही दिलंत तरी चालेल, किटचा बॉक्स आला तरी उत्तर मिळालं असं समजेन.

आपला,
बीड जिल्ह्यातला एक लॅब टेक्निशियन